विश्वचषक पाहायला जायचे आहे? आधी शहर ठरवा, मग हप्ता

फुटबॉलचा विश्वचषक मैदानात बसून पाहावा, ही इच्छा कोलकाता, केरळ, गोवा किंवा कोल्हापूरच्या अनेक घरांत वर्षानुवर्षे असते. बहुतेक जण ती "आपल्या आवाक्यातली गोष्ट नाही" म्हणून सोडून देतात. काही जण मात्र ऐन वेळी मुदत ठेव मोडून किंवा कर्ज काढून जातात आणि पुढची तीन वर्षे हप्ते भरत राहतात. या दोन्हींच्या मधला एक मार्ग आहे. त्याची सुरुवात आपण कोणत्या यजमान शहरात उतरणार, या प्रश्नापासून होते.

सामन्याचे तिकीट हा खर्चाचा एक भाग झाला. राहणे, जेवण, शहरांमधला प्रवास आणि व्हिसा हा उरलेला मोठा खर्च शहराच्या निवडीवर ठरतो. म्हणून या लेखात २०३० च्या विश्वचषकाचे उदाहरण घेऊ. त्याला अजून अवकाश आहे आणि लहान बचतदाराची खरी ताकद म्हणजे वेळच.

आधी नकाशा पाहा

२०३० ची स्पर्धा स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्को हे तीन देश मिळून भरवणार आहेत. पहिला विश्वचषक १९३० मध्ये उरुग्वेत झाला होता. त्याच्या शताब्दीनिमित्त सुरुवातीचे तीन सामने उरुग्वे, अर्जेंटिना आणि पाराग्वे येथे होतील. म्हणजे उद्घाटनाच्या मोहाने तिकीट काढणाऱ्याला अटलांटिक महासागर ओलांडावा लागेल. लहान बचतदाराने हे सामने घरीच टीव्हीवर पाहावेत.

यजमान देशांच्या प्रस्तावात १७ शहरे आणि २० मैदाने होती. ही यादी बदलू शकते. स्पेनमधल्या मालागा शहराने २०२५ मध्ये माघारही घेतली. त्यामुळे परत न मिळणारे पैसे भरून आजच खोली आरक्षित करू नका. आज फक्त दोन-तीन शहरे मनात धरा आणि बचत सुरू करा.

आणखी एक गोष्ट. कोणता संघ कुठे खेळणार हे गटवारीची सोडत निघाल्यावरच कळते. २०२६ च्या स्पर्धेची सोडत डिसेंबर २०२५ मध्ये, म्हणजे स्पर्धेच्या जेमतेम सहा महिने आधी निघाली. तोवर थांबले, तर विमान आणि खोल्यांचे दर चढलेले असतात. म्हणून शहर आधी निवडा. त्या शहरात जो संघ येईल, तो आपला पाहुणा.

मुक्काम एक, मैदाने अनेक

चांगले यजमान शहर कोणते? जिथे एकदा बॅग ठेवली की खोली न बदलता दोन-तीन सामने पाहता येतात, ते. २०२२ मध्ये कतारची आठही मैदाने दोहा आणि आसपासच्या परिसरात होती. एकाच खोलीत राहून सगळे पाहता येत होते. २०३० मध्ये तसे नाही, म्हणून निवड महत्त्वाची.

मोरोक्को: कासाब्लांका, रबात आणि टँजियर ही तीन शहरे वेगवान रेल्वेने जोडलेली आहेत. २०१८ मध्ये सुरू झालेली ही आफ्रिकेतली पहिली अतिवेगवान रेल्वे आहे. कासाब्लांका ते टँजियर अंतर ती सुमारे सव्वादोन तासांत कापते आणि रबात वाटेतच आहे. रबातला मुक्काम केला, तर दोन्हीकडचा सामना पाहून परत येता येईल. आगादिर शहरही यादीत आहे, पण तिथवर अजून रेल्वे पोहोचलेली नाही.

पोर्तुगाल: प्रस्तावात लिस्बनमध्ये दोन आणि पोर्तोत एक मैदान आहे. दोन्ही शहरांमध्ये रेल्वेने साधारण तीन तास लागतात. शहरे कमी, धावपळ कमी.

स्पेन: माद्रिदमध्ये दोन मैदाने प्रस्तावित आहेत. तिथून बार्सिलोना आणि सेव्हिल वेगवान रेल्वेने सुमारे अडीच-तीन तासांवर आहेत. सामने भरपूर, पण जून-जुलै हा तिथला पर्यटनाचा हंगाम आहे, त्यामुळे खोल्या महाग. लास पाल्मास हे शहर स्पेनचे असले तरी ते आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या कॅनरी बेटांवर आहे. तिथे जायचे तर वेगळे विमान.

शहराच्या नावावर जाऊ नका, मैदान नेमके कुठे आहे ते पाहा. कासाब्लांकासाठी बांधले जाणारे मोठे मैदान शहरापासून सुमारे ३८ किलोमीटरवर बेनस्लिमान भागात आहे. २०२६ मध्ये "न्यूयॉर्क"चे मैदानही खरे तर शेजारच्या न्यू जर्सी राज्यात आहे. रात्री उशिरा सामना संपल्यावर परतायला सार्वजनिक वाहन आहे का, हा प्रश्न खोली ठरवण्याआधी विचारा. टॅक्सीचे भाडे अख्ख्या दिवसाच्या जेवणापेक्षा जास्त होऊ शकते.

व्हिसा: इथे चूक महागात पडते

सामन्याचे तिकीट म्हणजे देशात शिरण्याचा परवाना नव्हे. रशियाने २०१८ मध्ये तिकीटधारकांना विशेष ओळखपत्रावर व्हिसाशिवाय प्रवेश आणि यजमान शहरांमध्ये मोफत रेल्वे दिली होती. पण ती त्या देशाची सवलत होती, नियम नव्हे.

स्पेन आणि पोर्तुगाल यांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. मोरोक्कोचा व्हिसा वेगळा असतो, त्यासाठी भारतीयांना ई-व्हिसाची सोय आहे. आता खरी मेख पाहा. स्पेनच्या तारीफाहून टँजियरला बोटीने साधारण तासाभरात जाता येते. पण शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर मोरोक्कोला गेल्यावर परत स्पेनमध्ये शिरता येणार नाही. परतीचे विमान माद्रिदहून असेल, तर तेही हातचे जाईल. दोन्ही बाजू पाहायच्या असतील, तर अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा.

प्रौढांसाठी शेंगेन व्हिसाचे शुल्क २०२४ पासून ९० युरो आहे. किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमाही लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो.

अर्जासोबत बँकेचा खातेउतारा द्यावा लागतो. अर्जाच्या आदल्या आठवड्यात कोणाकडून तरी उसने घेऊन खात्यात दोन लाख टाकले, तर ते तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. दर महिन्याला नियमित भरलेला हप्ता हा तुमच्या बाजूचा सर्वांत चांगला पुरावा आहे.

हिशेब असा मांडा

खालील रकमा केवळ उदाहरणासाठी धरल्या आहेत. तुमच्या वेळचे दर घेऊन हाच हिशेब पुन्हा करा. एक व्यक्ती, दहा दिवस, दोन सामने.

पहिला बेत, एकाच शहरात मुक्काम:
विमान (जाऊन-येऊन): ₹९०,०००
राहणे, ९ रात्री × ₹६,०००: ₹५४,०००
जेवण व शहरातला प्रवास, १० दिवस × ₹३,०००: ₹३०,०००
रेल्वे: ₹८,०००
सामन्याची तिकिटे: ₹४०,०००
व्हिसा व विमा: ₹१३,०००
बेरीज: ₹२,३५,०००
अडचणीसाठी १५ टक्के जादा धरून: सुमारे ₹२,७०,०००

दुसरा बेत, आवडत्या संघामागे तीन शहरे: विमान आणि तिकिटे तेवढ्याच रकमेची. राहणे ₹९०,०००, जेवण व शहरातला प्रवास ₹४५,०००, शहरांमधला प्रवास ₹४५,०००, व्हिसा व विमा ₹२०,०००. बेरीज ₹३,३०,०००. १५ टक्के जादा धरून सुमारे ₹३,८०,०००.

सामने दोनच, पण फरक एक लाखाहून जास्त. हा फरक फक्त शहराच्या निवडीचा आहे.

हप्ता किती?

पैसे स्पर्धेच्या दिवशी लागत नाहीत, त्याआधीच लागतात. २०२६ च्या स्पर्धेची तिकीटविक्री नऊ महिने आधी, सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली होती. म्हणून बचतीची मुदत २०२९ च्या मध्यावर संपेल अशी आखा.

समजा, तुम्ही बँकेत ३६ महिन्यांची आवर्ती ठेव उघडली आणि व्याजदर ६ टक्के मिळाला. पहिल्या बेतासाठी दरमहा सुमारे ₹६,९०० भरावे लागतील, दुसऱ्यासाठी सुमारे ₹९,६५०. आता घरखर्च, मुलांची फी, विम्याचा हप्ता आणि अडीअडचणीसाठी ठेवलेली रक्कम बाजूला काढा. उरलेल्यातून कोणता हप्ता झेपतो ते पाहा. तुमचे शहर तोच हप्ता सांगेल.

पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही. तीन वर्षांनंतर मुदतीआधी बंद केली, तर बचत खात्याचाच व्याजदर मिळतो. त्यामुळे या बेतासाठी बँकेची ठरावीक मुदतीची ठेव जास्त सोयीची. तारीख ठरलेली असल्याने हा पैसा शेअर बाजारात घालू नका. बाजार नेमका त्याच महिन्यात खाली असेल, तर स्पर्धा तुमच्यासाठी थांबणार नाही.

हेच ₹२,७०,००० कर्जाऊ घेतले, दर १४ टक्के आणि मुदत तीन वर्षे असली, तर मासिक हप्ता सुमारे ₹९,२३० येतो. एकूण सुमारे ₹३,३२,००० फेडावे लागतात. आवर्ती ठेवीत तुमच्या खिशातून जातात ₹२,४८,४००. प्रवास तोच, पण कर्जाने गेलात तर तो सुमारे ₹८४,००० ने महाग.

रुपयाचे युरो होताना

२०२५ च्या सुरुवातीला एक युरो सुमारे ₹९० ला होता. वर्ष संपताना तो शंभरी ओलांडून गेला होता. ३,००० युरोंच्या खर्चात एवढ्यानेच ३० हजारांहून अधिक रुपयांची भर पडते. वर धरलेली १५ टक्के जादा रक्कम यासाठीही आहे. शेवटच्या वर्षात युरो एकदम न घेता तीन-चार टप्प्यांत फॉरेक्स कार्डावर घेतले, तर चढउताराचा फटका विभागला जातो.

परदेशात कार्ड वापरताना मशीन कधी कधी विचारते, "रुपयांत की स्थानिक चलनात?" स्थानिक चलन निवडा. रुपये निवडले, की दुकानाकडचा बदलाचा दर लागतो आणि तो सहसा तोट्याचा असतो. साध्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डावर परकी चलनाचे वेगळे शुल्क किती, हेही निघण्यापूर्वी आपल्या बँकेला विचारा.

परदेशी सहलीचे पॅकेज घेतल्यास विक्रेता त्यावर टीसीएस, म्हणजे उगमस्थानी गोळा केलेला कर, घेतो. २०२५-२६ मध्ये दहा लाखांपर्यंतच्या पॅकेजवर तो ५ टक्के होता. दर बदलत असतात, म्हणून त्या वेळचा दर तपासा. हा पैसा बुडत नाही. विवरणपत्र भरून तो करातून वजा करता येतो किंवा परत मिळतो. पण तोवर तो अडकून राहतो, म्हणून अंदाजपत्रकात धरा. पावतीवर तुमचा पॅन बरोबर आहे ना, ते पाहा.

फसवणुकीपासून सावध

तिकिटे फक्त फिफाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या. "सोडतीत तुमचे नाव लागले, प्रक्रिया शुल्क भरा" असा संदेश आला तर ओटीपी देऊ नका, यूपीआय पिन टाकू नका. तिकीट, व्हिसा आणि नोकरी असे तिन्ही मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटापासून तर लांबच राहा. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा आणि बँकेला कळवा. क्रमांक लक्षात ठेवायला सोपा आहे: पहिला विश्वचषक झाला तेच साल.

हप्ता झेपत नसेल तर?

दिवस कमी करा, दोघांत खोली वाटून घ्या किंवा एकच सामना पाहा. तरीही जमत नसेल, तर न जाण्याचा निर्णय हाही शहाणपणाचा आर्थिक निर्णय आहे. २०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतातच झाला. नवी मुंबई, मडगाव, कोची, गुवाहाटी, दिल्ली आणि कोलकाता या शहरांत लोकांनी तो रेल्वे किंवा बसच्या तिकिटात पाहिला. अशी संधी पुन्हा आली, तर तुमची साठलेली ठेव तयार असेल.

लक्षात ठेवा

• संघ नव्हे, आधी शहर ठरवा. एका मुक्कामातून दोन-तीन सामने दिसतील असे शहर निवडा.
• मैदान शहरापासून किती दूर आहे आणि रात्री परतायची सोय काय, ते तपासा.
• दोन देशांत ये-जा असेल, तर व्हिसा किती प्रवेशांचा आहे ते पाहा.
• एकूण खर्चावर १५ टक्के जादा धरा आणि तिकीटविक्रीपूर्वी ठेवीची मुदत संपवा.
• अडीअडचणीचा पैसा, मुलांची फी आणि विमा यांना हात लावू नका. प्रवासासाठी कर्ज काढू नका.