टर्मिनलवरचा मजकूर वाचतो कोण? एका ‘वाय’पासून संशोधनाच्या प्रश्नापर्यंत

‘तुझा पीएचडीचा विषय काय?’ असं कुणी विचारलं की मी सांगते, ‘लिनक्सच्या पॅकेज मॅनेजरचं आउटपुट वाचायला सोपं कसं करायचं.’ समोरचा हमखास हसतो. त्यात काय संशोधन? रंग द्या, ओळी सरळ लावा, झालं! माझ्या पहिल्या प्रस्तावात मीही साधारण हेच लिहिलं होतं, फक्त जरा जड शब्दांत. तो प्रस्ताव परत आला. का परत आला आणि त्यानंतर प्रश्न कसा बदलला, ते आज सांगते. तुमच्यापैकी बरेच जण प्रस्ताव लिहायच्या तयारीत आहात, म्हणून.

आधी माझी चूक. २०१९ च्या पावसाळ्यात मी एम.टेक.च्या प्रकल्पावर होते. प्रयोगशाळेतला एक संगणक, त्यावर उबंटू १८.०४, रोज रात्री क्रॉनमधून एक छोटी स्क्रिप्ट चालायची आणि ‘कर्ल’ वापरून पर्जन्यमापकांची नोंद ओढून आणायची. मापकाच्या यंत्रात फक्त ४८ तासांची नोंद राहायची, नंतर जुनी पुसून नवी. एका संध्याकाळी मला एक जुनं सॉफ्टवेअर टाकायचं होतं. त्याला ‘लिबकर्ल-३’ हवं होतं. मी ‘एपीटी इन्स्टॉल’ दिलं, पडद्यावर नेहमीसारखा मजकूर धावला, शेवटी ‘पुढे जायचं का?’ असा प्रश्न आला, आणि मी ‘वाय’ दाबलं.

उबंटू १८.०४ वर लिबकर्ल-३ आणि लिबकर्ल-४ एकत्र नांदत नाहीत. एक आलं की दुसरं जातं, आणि त्याच्यावर अवलंबून असलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं. ‘कर्ल’ ही कमांडही त्यातच गेली. स्क्रिप्ट रोज रात्री उठायची, ‘कर्ल सापडत नाही’ असं लॉगमध्ये लिहायची आणि झोपायची. माझ्या लक्षात आलं पाचव्या दिवशी. मापकावरची शेवटची दोन दिवसांची नोंद तेवढी हाती लागली, त्याआधीची कायमची गेली. आणि नेमके ते दिवस मुसळधार पावसाचे. सरांना काय सांगितलं ते इथे लिहीत नाही!

गंमत अशी, की एपीटीने मला सगळं सांगितलं होतं. लपवलं काहीच नव्हतं. त्या काळचं आउटपुट आठवून बघा. आधी ‘ही पॅकेजेस आता लागत नाहीत’ अशी यादी, त्यात जुन्या कर्नलची लांबलचक नावं. मग सुचवलेली पॅकेजेस. मग ‘रिमूव्ह्ड’ची यादी. मग नवी पॅकेजेस. मग एका ओळीत बेरीज: इतकी अद्ययावत, इतकी नवी, इतकी काढणार, इतकी जशीच्या तशी. सगळं एकाच रंगात, नावं एकामागून एक, परिच्छेदासारखी. माझा अख्खा आठवडा ज्या ओळीवर अवलंबून होता ती मधोमध दबलेली होती.

तर माझा पहिला प्रस्ताव असा होता: ‘जुनं आउटपुट आणि नवं, रंगीत आउटपुट लोकांना दाखवायचं, कोणतं जास्त वाचनीय वाटतं ते विचारायचं.’ मॅडमनी एकच प्रश्न विचारला. ‘वाचनीय म्हणजे काय? कशासाठी वाचनीय?’

मला उत्तर देता आलं नाही. पण हा प्रश्न धरून बसलं की बरंच काही सुटतं. कादंबरी वाचनीय असते तेव्हा ती आपण शेवटपर्यंत वाचतो. पॅकेज मॅनेजरचं आउटपुट कुणी शेवटपर्यंत वाचत नाही आणि वाचूही नये. ते एका निर्णयासाठी असतं: हो की नाही. मग वाचनीयतेची व्याख्या अशी करता येते: ज्या माहितीमुळे माझा निर्णय बदलला असता ती ‘वाय’ दाबण्याआधी माझ्या नजरेत भरली का? ‘आवडलं का?’ हा प्रश्न मग बाजूला पडतो, आणि मोजण्याजोगं काहीतरी हाती येतं.

आता एपीटीवाल्यांनी काय केलं ते बघू, कारण ते खरंच चांगलं उदाहरण आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये एपीटी २.९ पासून त्यांनी आउटपुटचा चेहरा बदलायला घेतला, एप्रिल २०२५ मध्ये ३.० आलं, आणि त्या ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन १३ बरोबर ते सगळ्यांच्या हातात पोचलं. नावं आता स्तंभांत येतात, गटांमध्ये मोकळी जागा असते, टाकायची पॅकेजेस हिरवी, काढायची लाल. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काढायच्या पॅकेजेसची यादी आता शेवटी येते, प्रश्नाच्या जवळ. कारण टर्मिनलवर मजकूर खालून वर सरकत जातो, आणि थांबतो तेव्हा आपले डोळे तळाशी असतात. लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्या माणसालाही जागेचा फायदा मिळतोच.

(जाता जाता: एपीटीच्या संदेशांचं मराठी भाषांतरही आहे. पण स्तंभ सरळ लावायचे तर प्रत्येक अक्षराला किती चौकटी लागतात हे टर्मिनलला माहीत हवं, आणि आपल्या जोडाक्षरांबाबत सगळ्या टर्मिनलांचं एकमत नाही. पॅकेजची नावं रोमनच असतात म्हणून निभावतं.)

इथे एक प्रश्न तुम्हाला पडायला हवा. इतकं सोपं होतं तर आधी का नाही केलं? कारण या मजकुराचे वाचक दोन आहेत: माणूस आणि स्क्रिप्ट. ‘एपीटी-गेट’चं आउटपुट कापून-चाळून वापरणाऱ्या स्क्रिप्ट जगभर पसरलेल्या. एक शब्द हलवला तर कुणाचं तरी काहीतरी मोडणार. म्हणून २०१४ मध्ये एपीटी १.० बरोबर नुसती ‘एपीटी’ ही वेगळी कमांड आणली, माणसांसाठी. तिचं आउटपुट दुसऱ्या प्रोग्रामकडे वळवलं तर ती बजावते, की माझं रूप स्थिर नाही, स्क्रिप्टमध्ये जपून वापरा. ही फारकत झाली होती म्हणूनच दहा वर्षांनी चेहरा बदलता आला. संशोधनात आपण ‘वापरकर्ता’ हा शब्द एकवचनी वापरतो तेव्हा हे विसरतो.

बरं, मग जुनं आणि नवं शेजारी ठेवून तुलना करायची का? नाही, आणि माझ्या प्रस्तावातला दुसरा मोठा घोळ हाच होता. नव्या रूपात एकाच वेळी रंग बदलला, जागा बदलली, मांडणी बदलली. लोकांना नवं रूप जास्त जमलं असं दिसलं, तरी श्रेय कुणाचं? एक-एक गोष्ट वेगळी करायची तर रंग असलेला-नसलेला, यादी मध्ये किंवा शेवटी, स्तंभ किंवा परिच्छेद, म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ रूपं होतात. कागदावर हे छान दिसतं. ते का परवडत नाही ते पुढे येईल.

काय मोजायचं? धोक्याची ओळ किती जणांना दिसली, एवढं पुरत नाही. समजा एक जण प्रत्येक वेळी घाबरून ‘नाही’च म्हणतो. त्याने एकही धोका चुकवला नाही! पण त्याच्या संगणकावर काही चढणारही नाही. म्हणून धोका असताना ओळखला का, आणि नसताना उगीच थांबला का, असे दोन आकडे लागतात. संकेत-ओळख सिद्धांत, सिग्नल डिटेक्शन थिअरी, हेच करतो. माणसाची ओळखण्याची क्षमता आणि त्याचा ‘हो’कडे किंवा ‘नाही’कडे असलेला कल तो वेगवेगळा काढून देतो. लाल रंगाबाबत हे फार महत्त्वाचं आहे. मोठ्या अपग्रेडमध्ये जुनी लायब्ररी जाऊन नवी येते, तेव्हाही लाल ओळी दिसतात आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. निरुपद्रवी लाल रोज बघितलं की लाल रंगाची किंमत उतरते.

आणि आता खरी अडचण. सहभागींना मी सांगितलं, की ‘काढलं जाणारं पॅकेज शोधा’, तर ते शोधतील आणि सापडेल. मी त्या संध्याकाळी काहीच शोधत नव्हते. शंभरदा ‘वाय’ दाबून काही झालं नव्हतं, म्हणून एकशे एकाव्यांदा दाबलं. दुर्मिळ गोष्ट डोळ्यांसमोर असूनही सुटते, यावर वुल्फ, होरोविट्झ आणि केनर यांचा २००५ चा ‘नेचर’मधला प्रयोग आहे. निम्म्या चित्रांत लक्ष्य होतं तेव्हा लोकांनी ते ७ टक्के वेळा चुकवलं. शंभरात एकाच चित्रात होतं तेव्हा ३० टक्के वेळा. लक्ष्य तेच, फक्त दुर्मिळ झालेलं. म्हणजे मी निम्म्या पडद्यांवर धोका ठेवला, तर माझा प्रयोग चालेल, आकडे सुंदर येतील, आणि त्यांचा खऱ्या टर्मिनलशी फारसा संबंध नसेल. शंभरात एक धरला तर एका माणसाला १० धोके दाखवायला १००० पडदे लागतात. एका रूपासाठी! आठ रूपांचं गणित तुम्हीच करा. म्हणून मी स्तंभांचा प्रश्न सोडला, फक्त रंग आणि जागा ठेवली, आणि प्रत्येक सहभागीला एकच रूप द्यायचं ठरवलं. मनाला लागलं. पण आठ प्रश्नांची अर्धवट उत्तरं घेऊन बसण्यापेक्षा हे बरं.

इथवर आल्यावर मॅडमनी आणखी एक शंका काढली: विचारायचंच कशाला? २०२१ च्या नोव्हेंबरची गोष्ट अनेकांनी पाहिली असेल. यूट्यूबर लायनस सेबॅस्टियन पॉप-ओएसवर स्टीम टाकायला गेला. पॅकेजिंगमधल्या एका चुकीमुळे एपीटीने अख्खा डेस्कटॉप काढायचा प्रस्ताव ठेवला. इशारा स्पष्ट होता, पुढे जायला ‘येस, डू ॲज आय से!’ हे वाक्य पूर्ण टाइप करावं लागत होतं. त्याने ते टाइप केलं आणि डेस्कटॉप गेला. त्याच महिन्यात आलेल्या एपीटी २.३.१२ मध्ये इशारा आणखी ठळक करत बसले नाहीत. अत्यावश्यक पॅकेज काढण्याचा मार्ग सॉल्व्हरने शोधायचाच नाही, असं ठरवलं. ब्राउझरमधल्या एसएसएल इशाऱ्यांवरचा ‘क्राइंग वुल्फ’ हा २००९ चा शोधनिबंध याच दिशेचा आहे: १०० जणांना प्रयोगशाळेत बसवून बघितलं, नवे इशारे जुन्यांपेक्षा चांगले ठरले, तरी धोका पत्करणारे खूपच राहिले. लेखकांचा कल मग असा, की निरुपद्रवी प्रसंगी इशारा दाखवूच नये आणि खरोखर धोकादायक ते सरळ अडवावं.

मग माझं काम संपलं का? मला दोन दिवस तसंच वाटत होतं. पण ‘कर्ल’ हे काही अत्यावश्यक पॅकेज नाही. ते काढणं माझ्यासाठी संकट होतं, शेजारच्या टेबलावरच्या मुलासाठी काहीच नव्हतं. क्रॉनमध्ये काय चाललंय हे एपीटीला कळत नाही, ते फक्त मला माहीत होतं. जिथे निर्णयाला लागणारी अर्धी माहिती यंत्राकडे आणि अर्धी माणसाकडे असते, तिथे अडवून चालत नाही, दाखवावंच लागतं. माझा अभ्यास आता तेवढ्याच पट्ट्यात आहे. प्रस्तावाचं पहिलं पान त्यामुळे बरंच छोटं झालं, आणि मंजूरही झालं.

सध्या नीतिसमितीच्या अर्जावर अडकलेय. सहभागींना ‘सॉफ्टवेअर टाकायचं काम’ एवढंच सांगायचं, खरा हेतू नंतर. ही लपवाछपवी किती चालेल आणि शेवटी त्यांना काय सांगायचं, हे नीट लिहून द्यावं लागतं. दुसरं एक काम परवा निघालं. फेडोराचं डीएनएफ हाच प्रश्न विचारतं, पण तिथे नुसतं एंटर दाबलं तर उत्तर ‘नाही’ धरतात, आणि एपीटीत ‘हो’. रंग आणि जागा दोन्हींपेक्षा या एका अक्षराचा परिणाम जास्त असेल, अशी मला दाट शंका आहे. माझ्या प्रयोगात मी दोन्ही पर्याय सक्तीने टाइप करायला लावणार आहे, म्हणजे हा मुद्दा आड येणार नाही. तो प्रश्न वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवलाय. कुणाला एम.टेक.साठी विषय हवा असेल तर खुशाल उचला.