लिंबूटिंबू आता कुणीच नाही!

समजा, तुमच्यासमोर एक जुनं लाकडी दार आहे. बाहेरून कुलूप, आत कुणीतरी कण्हतंय. तुम्ही काय कराल? लाथ घालाल, किल्ली शोधाल, दाराला कान लावाल, की ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून पुढे सटकाल? यातलं काहीही चालतं. काय करणार ते तोंडाने सांगायचं, वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या पात्राच्या अंगच्या गुणांचा आकडा मिळवायचा आणि बेरीज पुरेशी झाली की दार उघडलं. नाही झाली, तर आतलं जे काही आहे ते सावध झालं! ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ मुळात एवढाच. पट नसला तरी चालतो आणि शेवटी कुणी जिंकतही नाही. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम, होऊन जग उभं करतो, बाकीचे भिडू त्या जगातली पात्रं होतात.

‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधली पोरं तळघरात बसून जो खेळतात, तोच हा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ मध्ये अमेरिकेत तो बाजारात आणला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने त्याला जगभर नवे खेळाडू मिळवून दिले. तुमच्यापैकी ज्यांनी ‘बाल्डर्स गेट ३’ पायी सेमिस्टरचं वाटोळं केलंय, त्यांनी याच पाचव्या आवृत्तीचे नियम नकळत पाठ केलेत. खेळाची पन्नाशी झाली त्या वर्षी, सप्टेंबर २०२४ मध्ये, ‘प्लेयर्स हँडबुक’ नव्याने आलं. पाठोपाठ डीएमसाठीचं पुस्तक आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये राक्षसांचं. गंमत म्हणजे याला सहावी आवृत्ती म्हणायचं नाही. प्रकाशकांच्या म्हणण्यानुसार ही पाचवीच, फक्त दुरुस्त केलेली. जुन्या गोष्टी नव्या नियमांनी खेळता आल्या पाहिजेत, असा त्यांचा दावा आहे.

तो दावा तपासायला आम्ही पाच जण बसलो. साहस मुद्दाम जुनं घेतलं, २०१४ च्या स्टार्टर सेटमधलं ‘लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर’. त्याची सुरुवात जुन्या खेळाडूंना तोंडपाठ असते. बैलगाडी घेऊन तुम्ही चाललाय, रस्त्यात दोन मेलेले घोडे, आणि झाडीत चार गॉब्लिन दबा धरून. पहिल्या लेव्हलची कोवळी पात्रं इथेच गारद झाल्याच्या कहाण्या सगळीकडे ऐकू येतात. आमची एकही पात्रं गारद झालं नाही. नव्या नियमांत पात्रं पहिल्या दिवसापासून जरा दणकट आहेत. साधा ‘क्युअर वुंड्स’ मंत्र आधी आठ बाजूंचा एक फासा टाकून जखम भरायचा, आता दोन टाकून भरतो. औषधाची बाटली पिण्यात आख्खी पाळी वाया जायची, आता ती बोनस अॅक्शनमध्ये गटकवायची आणि वर तलवारही चालवायची. (हा नियम कित्येक घरांत आधीपासून चालू होताच. पुस्तकाने त्यावर नुसता शिक्का मारला.) तेव्हा जुन्या साहसाला नवे नियम लावताना डीएमने दोन गॉब्लिन वाढवलेले बरे.

पण या आवृत्तीतली खरी बातमी मंत्रांची नाही, तलवारीची आहे.

लहानपणी खेळताना एखादं शेंबडं पोर ‘मला पण घ्या’ म्हणून मागे लागायचं, आठवतंय? मग त्याला लिंबूटिंबू म्हणून घ्यायचं. पळू द्यायचं, ओरडू द्यायचं, पण त्याच्यावर राज्य नाही. जुन्या आवृत्तीत फायटर घेणाऱ्याची गत बरेचदा अशीच व्हायची. विझार्ड आगीचे गोळे सोडतोय, क्लेरिक मेलेल्यांना उठवतोय, आणि फायटरची पाळी आली की संवाद ठरलेला: ‘मी मारते.’ फासा. ‘नाही लागला.’ पुढचा. आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण गेल्या वर्षी फायटर खेळायची. नवीन आहेस, सोपं पात्र घे, असं सगळ्यांनीच तिला सांगितलेलं. तीन रविवारांनंतर तिने येणंच बंद केलं. भांडण नाही, काही नाही. ‘माझी पाळी यायला वीस मिनिटं, आणि आली की दहा सेकंदांत संपते,’ एवढंच म्हणाली. नव्या माणसाला सोपं म्हणून आपण जे देतो, ते खरं तर कंटाळवाणं असतं, हे तोवर आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलेलं नव्हतं.

नव्या पुस्तकाने यावर ‘वेपन मास्टरी’ काढलीय. प्रत्येक हत्याराला स्वतःची एक खोड. ग्रेटसोर्ड, म्हणजे दोन्ही हातांनी पेलायची भलीमोठी तलवार, नेम चुकला तरी समोरच्याला ओरखडा काढतेच. वॉरहॅमर बसला की शत्रू दहा फूट मागे ढकलला जातो. लाँगबोचा बाण लागला की त्याची चाल मंदावते. साध्या काठीने, क्वार्टरस्टाफने, त्याला आडवा पाडता येतं. फायटरला पहिल्याच लेव्हलला अशी तीन हत्यारं अवगत असतात. म्हणजे आता प्रश्न ‘मारू का’ एवढा राहत नाही. त्याला दरीच्या काठावरून ढकलू, की आडवा पाडून शेजारच्या भिडूला सोपा करून देऊ, हा विचार करावा लागतो. त्या मैत्रिणीला आम्ही परत बोलावलं होतं. दुसऱ्याच पाळीत तिचा नेम हुकला, ती फासा पुढे सरकवायला लागली, आणि डीएम म्हणाला, ‘थांब, ग्रेटसोर्ड आहे ना? तीन डॅमेज.’ तो गॉब्लिन तीनवरच टेकलेला होता. मेला! चुकलेल्या नेमावर टाळ्या मी पहिल्यांदाच ऐकल्या.

लढाई नसतानाही तिला काम मिळालं. दुसऱ्या लेव्हलला फायटरला ‘टॅक्टिकल माइंड’ मिळतं. कडा चढताना, कुणाला पटवताना, खुणा शोधताना फासा कमी पडला, तर आपला दम खर्चून दहा बाजूंचा आणखी एक फासा टाकायचा आणि बेरीज वाढवायची. तरीही नाही जमलं, तर दम खर्चच झाला नाही असं धरायचं. किती साधा नियम! पण आतापर्यंत गप्प बसणारं माणूस ‘मी बघते’ म्हणायला लागतं.

याची किंमत आहे, आणि ती घड्याळात मोजावी लागते. आडवं पाडायचं तर प्रत्येक फटक्याला डीएमने शत्रूसाठी वेगळा फासा टाकायचा. सहा गॉब्लिन, दोन काठ्या, की झालाच हिशोबाचा तास. तिसऱ्या फेरीपर्यंत आमचा डीएम सीएच्या आर्टिकलशिपला बसल्यासारखा दिसायला लागला. आधीच त्याच्या डोक्यावर सगळं जग, त्यात ही भर. तुम्ही डीएम असाल तर खेळाडूंना सांगून टाका, आपल्या हत्याराची खोड आपणच लक्षात ठेवायची.

आता ज्या गोष्टीवरून आमच्यात चहा गार होईपर्यंत वाद झाला, ती. पात्राची पार्श्वभूमी.

२०१४ मध्ये तुमच्या पात्राची ताकद, बुद्धी, चपळाई कुठे वाढणार हे त्याच्या वंशावर ठरायचं. हाफ-ऑर्क जन्माला आलात तर अंगात बळ, हाय एल्फ असाल तर थोडी जास्त बुद्धी. जन्मावरून गुण ठरवणं बऱ्याच जणांना खटकत होतं, आणि आपल्याकडे तर ते का खटकावं हे सांगायची गरजच नाही. २०२० च्या एका पुस्तकात हे गुण हवे तिथे फिरवायची मुभा मिळाली होती. नव्या हँडबुकमध्ये ‘रेस’ हा शब्दच गेला, त्या जागी ‘स्पीशीज’ आला, आणि गुणवाढ जोडली गेली ती पार्श्वभूमीला: साधू, सैनिक, खलाशी, व्यापारी, शेतकरी अशा एकूण १६. ऐकायला छान. पण यादी नीट वाचा. शेतकरी घेतलात तर वाढ होते बळ, काटकपणा आणि शहाणपण यांतच. बुद्धी त्यात नाही. बुद्धी हवी तर पंडित, म्हणजे ‘सेज’ घ्या. थोडक्यात, शेतकऱ्याच्या पोरीला विझार्ड व्हायचं असेल, तर ती गुरुकुलातल्या पोरापेक्षा एक पाऊल मागून सुरुवात करणार. जन्म गेला, त्या जागी बापाचा धंदा आला!

आकड्यांत बोलायचं तर ठरलेल्या गुणांतला सगळ्यांत मोठा, १५, दोघांनीही बुद्धीला दिला असं धरू. पंडिताची बुद्धी १७ होते, शेतकऱ्याच्या पोरीची १५ च राहते. फाशावर फरक पडतो एकाचा. वीस बाजूंच्या फाशावर एक म्हणजे पाच टक्के. आता दुसरी बाजू. शेतकरी पार्श्वभूमीबरोबर ‘टफ’ नावाचा गुण फुकट येतो, दर लेव्हलला दोन हिट पॉइंट जास्त. १४ काटकपणाला दिले आणि वाढही तिथे घेतली, तर पहिल्या लेव्हलला आपल्या पोरीचे हिट पॉइंट ११, आणि पंडिताने उरलेली एकची वाढ तिथे टाकली तरी त्याचे ८. गॉब्लिनच्या एका बाणात विझार्ड आडवे पडतात त्या वयात हा फरक लहान नाही. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, हे तर खऱ्यासारखंच झालं, पोर चिवट आहे. माझं म्हणणं, ड्रॅगन उडतात त्या जगात खऱ्याचा एवढा हट्ट कशाला? डीएमच्या नव्या पुस्तकात स्वतःची पार्श्वभूमी रचायची रीत दिलेली आहे, ती सरळ वापरावी. ‘शेतकऱ्याची मुलगी, गावातल्या वैद्याकडे पोथ्या वाचलेली’ अशी पार्श्वभूमी दहा मिनिटांत तयार होते.

मला खरी चुटपुट लागली ती वेगळ्याच गोष्टीची. जुन्या पुस्तकात ‘फोक हिरो’ नावाची पार्श्वभूमी होती. ती घेतली की गावोगावचे साधे लोक तुम्हाला आसरा द्यायचे, शिपायांपासून लपवायचे. लढाईत त्याचा उपयोग शून्य, पण त्यातून गोष्टी किती निघायच्या! असे सगळे गोष्टीतले हक्क काढून त्या जागी आता आकड्यांचे फायदे आलेत. नियम नेटके झाले खरे, पण कोठीच्या खोलीत आपल्याला लपवणारी ती म्हातारी गेली.

आवडलेली आणखी एक छोटी गोष्ट: ‘हिरोइक इन्स्पिरेशन’. हे हाताशी असेल तर कुठलाही पडलेला फासा परत टाकता येतो. माणूस जातीच्या पात्राला रोज रात्रीच्या झोपेनंतर हे आपोआप मिळतं. आधीपासून एक असताना दुसरं मिळालं, तर ते दुसऱ्या भिडूला देऊन टाकायचं. यात रडीचा डाव होईल अशी भीती होती, झालं उलटंच. लोक एकमेकांना वाटत सुटले.

पुस्तक विकत घ्यावं का? हँडबुक ३८४ पानांचं आहे, अमेरिकेतली छापील किंमत जवळपास ५० डॉलर, आणि अशी पुस्तकं तीन. पॉकेटमनीत बसणारं हे प्रकरण नाही. सुदैवाने मूळ नियम प्रकाशकांनी २०२५ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केलेत. ते अधिकृतपणे फुकट उतरवून घेता येतात. त्यात सगळे बारा क्लास आहेत, पण प्रत्येकाची एकच शाखा. हत्यारांच्या खोड्या आहेत. पार्श्वभूमी मात्र चारच, आणि त्यांत शेतकरी नाही. तीन-चार महिने आरामात निघतील. फासे नसतील तर मोबाइलवरचे चालतात, जरी हातात खुळखुळवायची मजा त्यात नाही. तीन-चार भिडू, एक डीएम, तीन तास आणि शेजाऱ्यांची थोडी सहनशक्ती एवढं जमवा. इंग्रजीचं दडपण नको. आमच्याकडे आकडे इंग्रजीत पडतात, पण गॉब्लिन चक्क मराठीत शिव्या घालतात. आणि ग्रुपमध्ये कुणी अगदी नवीन असेल, तर त्याच्या हातात बिनधास्त ग्रेटसोर्ड द्या. आमची मैत्रीण पुढच्या रविवारी येतेय. या वेळी वॉरहॅमर घेणार म्हणतेय, कारण डीएमने नकाशावर एक दरी काढलेली तिने बघितलीय.