दुष्काळांतील हिरवळ

औशासारख्या गांवीं हिरवळीविषयीं बोलावयाचें म्हणजे कित्येकांना ती चैनीची गोष्ट वाटेल. माणसांच्या घागरी रिकाम्या असतां गवताला पाणी कां द्यावें, हा प्रश्न रास्तच आहे. तथापि शाळेचें पटांगण, दवाखान्यापुढील मोकळी जागा, नव्या वसाहतींतील घरापुढचा गुंठा-अर्धा गुंठा, अशा ठिकाणीं गवत राखण्याची हौस असते, आणि त्याला पाणी बहुधा अंदाजानेंच दिलें जातें. म्हणून आधीं हिशेब पाहूं आणि मग उपायांकडे वळूं.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचें पाणी पसरलें तर तें बरोबर एक लिटर भरतें. एप्रिल-मेच्या आपल्याकडील उन्हांत हिरवेंगार राखलेलें गवत दिवसाला सुमारें चार ते पांच मिलिमीटर पाणी पितें. गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. तेव्हां एका गुंठ्याची रोजची तहान ४०० ते ५०० लिटरांची झाली. टंचाईच्या काळांत टँकरनें पाणी पुरवितांना खेड्यांतील माणसामागें दिवसाला २० लिटर हें प्रमाण महाराष्ट्रांत धरलें जात आलें आहे. म्हणजे गुंठाभर हिरवळ वीस-पंचवीस माणसांचा वांटा एकटी पिऊन टाकते.

हें नुसतें कागदावरचें गणित नव्हे. २०१४ व २०१५ अशीं लागोपाठ दोन वर्षें पावसानें दगा दिला, मांजरा नदीवरील धनेगांवचें धरण आटलें, आणि येथून सुमारें २० किलोमीटरांवरील लातूर शहरांत २०१६ च्या मार्चमध्यें पाणी भरण्याच्या जागीं जमाव होऊं नये म्हणून १४४ कलम लागू करावें लागलें. १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास आली. दहा वाघिणी, आणि प्रत्येकींत सुमारें ५० हजार लिटर! त्यांतील एक वाघीण एका गुंठ्याच्या हिरवळीनें शंभर दिवसांत रिकामी केली असती. दुसऱ्याच दिवशीं मुंबई उच्च न्यायालयानें आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्यास सांगितलें. वादाचें मूळ मैदानांना व खेळपट्ट्यांना लागणारें पाणी हेंच होतें. शुद्ध केलेलें सांडपाणी वापरण्याची तयारी आयोजकांनीं दाखविली होती. सामने गेले ते गेले, पण ती सूचना आपल्या अंगणाला मात्र फार उपयोगी आहे.

आतां गवताकडे येऊं. आपल्या अंगणांतलें गवत म्हणजे बहुतेक ठिकाणीं हराळी, गणपतीला वाहतों ती दूर्वाच. जिला शेतांतून उपटतां उपटतां बापाचें आयुष्य गेलें, तीच मुलगा पैसे देऊन दारांत लावतो, हा गंमतीचा भाग सोडून द्या. शेतकरी जिला वैतागतो तो तिचा चिवटपणाच येथें आपल्या कामाचा आहे. तिचीं कांडीं जमिनीखालीं दूरवर पसरलेलीं असतात. पाणी तुटलें कीं ती वरचीं पातीं वाळूं देते आणि जीव त्या कांड्यांत सांभाळून ठेवते. पिंगट पडलेली हराळी मेली असें समजून लोक घाबरून नळी सोडतात. एक झुबका उकरून पाहावा. खालचें कांडें पांढरें व टणक असेल तर ती झोंपलेली आहे, तिला झोंपूं द्यावें. उन्हाळ्यांत हिरवळ हिरवी राखण्याचा हट्टच सोडणें, हीच माझ्या मतें पाण्याची सर्वांत मोठी बचत होय.

झोंपलेल्या हराळीला प्राण टिकविण्यापुरतें, तीन आठवड्यांतून एकदां १० मिलिमीटर पाणी मिळालें तरी भागतें. गुंठ्याला हें १,००० लिटर होतें. हिरवी राखावयाची तर तेवढ्याच दिवसांत ८ ते १० हजार लागले असते. हे हजार लिटर नळाचे असण्याचेंहि कारण नाहीं. पांच माणसांच्या घरांत स्नानाचें पाणी दिवसाला ७५ लिटर तरी निघतें. तें सांठवून ठेवूं नये, दुसऱ्या दिवशीं त्याला घाण येते. त्यापेक्षां गुंठ्याचे एकवीस वाफे मनांतल्या मनांत आंखावे आणि रोज एका वाफ्याला ५० लिटर, म्हणजे मध्यम बादलीनें तीन बादल्या, द्यावें. एकविसाव्या दिवशीं फेरी पुरी होते. उरलेलें पाणी झाडांच्या बुंध्याशीं जावें. निंबाचें किंवा आंब्याचें पोसलेलें झाड एकदां वाळलें तर तें पुन्हां उभें राहण्यास वर्षें लागतात, गवताला एक पाऊस पुरतो. म्हणून पाणी कमी पडलें तर तुटवडा गवतानें सोसावा, झाडानें नव्हे.

कपडे धुतलेल्या पाण्याविषयीं मात्र जपावें. सोड्यांतील क्षार काळ्या मातीला चिकट व घट्ट करतो, मग पाणी आंत शिरत नाहीं. असें पाणी सारखें एकाच जागीं ओतूं नये.

काळ्या जमिनीची आणखी एक खोड आहे. वाळली कीं ती भेगाळते, आणि ओतलेलें पाणी मुळांना चुकवून भेगांतून थेट खालीं उतरतें. ओली झाली कीं फुगून बसते, आणि वरचें पाणी वाहून रस्त्यावर जातें. यास्तव भेगा आधीं शेणखत व बारीक माती घालून बुजवाव्या. पाणी पहांटे अथवा सूर्यास्तानंतर, आणि एकदम न ओततां अर्ध्या अर्ध्या तासानें दोन हप्त्यांत द्यावें. रोज शिंपडण्यानें मुळें वरच्यावर राहतात व पहिल्याच उन्हांत होरपळतात. फेब्रुवारीनंतर गवत कापूं नये. कापावेंच लागलें तर दोन इंच उंची राखावी व कापलेलें तेथेंच पसरूं द्यावें.

“पण माझी स्वतःची बोअर आहे” असें कोणी म्हणेल. आपल्या पायांखालीं काळा पाषाण आहे. त्याच्या झिजलेल्या थरांत आणि फटींत जें थोडें पाणी सांचतें, त्यावर मालकाचें नांव नसतें. आपली मोटर चालली कीं फटीच्या दुसऱ्या टोकाशीं असलेली शेजाऱ्याची विहीर खालीं जाते, आणि ती बहुधा पिण्याची असते. टंचाईचा निर्बंध नळापुरताच लिहिलेला असला, तरी बोअरचें पाणी गवताला सोडूं नये.

मृगाचे दोन-चार चांगले पाऊस झाले कीं हराळी आपण होऊन फुटेल. उघडीं पडलेलीं ठिगळें तेव्हां कांड्या लावून भरून काढावीं. तोंवर खताची गोणी बांधलेलीच असूं द्यावी.