अंगठा कोणाचा, नाव कोणाचे?

एकलव्याचा अंगठा कोणी मागितला, हे निदान त्याला ठाऊक होते. आजच्या मावळातल्या मजुराला तेही ठाऊक नसते. लोणावळ्यात बंगल्याच्या राखणीला राहायचे, चिक्कीच्या कारखान्यात लागायचे, म्हणजे आधारची झेरॉक्स द्यायची. रेशन उचलायचे तर यंत्रावर अंगठा ठेवायचा. ती झेरॉक्स पुढे कोणाच्या हाती जाते, हे विचारण्याची सोय नसते. विचारणारा कामाला नको असतो. दुसऱ्याचे नाव, क्रमांक वा ठसा वापरून व्यवहार करणे ही ओळखीची चोरी होय. तिचा सर्वांत खोल घाव कोणावर पडतो, याचा विचार आपण केला पाहिजे.

ज्यांना शतकानुशतके नावाने हाकही मारली गेली नाही, त्यांचे नाव सरकारी दप्तरात मुख्यतः वतनामुळे आले. त्या वतनाच्या गुलामीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने नाहीशी झाली; जमिनी वतनदारांना परत देण्याची तरतूद झाली, मात्र परवानगीवाचून त्या विकता येणार नाहीत अशी अट राहिली. सातबारावरचे ते नाव म्हणजे आपल्या माणसाचा हक्क.

२००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला. मावळातल्या भातखाचरांकडे शहर बंगल्याची जागा म्हणून पाहू लागले. अशा ठिकाणी आजोबा वारलेले, वारस पोटासाठी मुंबईला गेलेले आणि वारसनोंद झालेली नाही, असे कुटुंब तोतयाला सोपे सावज ठरते. झेरॉक्सवर दुसऱ्याचा फोटो चढवायचा, दोन ओळखदार उभे करायचे, कुलमुखत्यारपत्र करायचे, की दस्त तयार! मग खऱ्या वारसाला वर्षानुवर्षे कोर्टात सिद्ध करावे लागते की, मी मीच आहे. कुलमुखत्यारपत्राचे वजन किती, हे २०२५ साली पुण्याच्या मुंढव्यातील महार वतनाच्या सुमारे ४० एकर जमिनीच्या वादग्रस्त व्यवहाराने साऱ्या राज्याला दाखवले.

यंत्र आले म्हणून ही चोरी थांबली नाही. २०२३ साली कर्नाटकात जमिनीच्या नोंदलेल्या दस्तांवरील अंगठ्यांचे ठसे उतरवून, आधारवर चालणाऱ्या सेवेतून लोकांच्या खात्यातले पैसे काढल्याचे उघड झाले. म्हणजे जमिनीच्या कागदावरचा अंगठा बँकेपर्यंत पोचला. पासवर्ड बदलता येतो. अंगठा कसा बदलणार? शिवाय चोरलेल्या नावावर कर्ज निघते, सिमकार्ड निघते, आणि वसुलीवाला किंवा पोलीस खऱ्या माणसाच्या दारात उभा राहतो. ज्याच्या शब्दावर आधीच कोणी विश्वास ठेवत नाही, त्याने स्वतःला निर्दोष कसे ठरवावे?

कायदे आहेत. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ८२ नुसार तोतयेगिरीला सात वर्षांपर्यंत, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी नुसार ओळखचोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण कायदा चोरीनंतर येतो. म्हणून आधी जागे राहावे. झेरॉक्सवर काम व तारीख लिहून आडवी सही करावी. पहिले आठ अंक झाकलेले आधार मिळते, तेच द्यावे. अंगठ्याची आधार-नोंद कुलूपबंद करता येते. रेशन वा पेन्शनला लागेल तेव्हा उघडावी. वारसनोंद वेळेवर करावी. पैसे गेलेच तर तत्काळ १९३० वर कळवावे.

हे सारे एकट्या म्हातारीला सांगून भागणार नाही. कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ वस्तीत बसावे, प्रत्येक घराचा सातबारा मोठ्याने वाचावा, आणि कोणत्याही कागदावर अंगठा उठण्याआधी तो कागद वाचून दाखवावा. शिकण्याचा अर्थ तिथून सुरू होतो.