सांपडत नाहीं म्हणजे नाहींच काय?

सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेलें शेंदूरजनाघाट हें गांव संत्र्यांच्या बागांकरितां व संत्र्यांच्या कलमांकरितां वऱ्हाडांत प्रसिद्ध आहे. तेथें काय किंवा वरुड-मोर्शीकडे काय, बऱ्याच सुशिक्षित घरांत आज बैठकीच्या टीव्हीमागें बोटभर लांबीची फायर स्टिक, नाहीं तर शेजारीं अँड्रॉइडची एखादी पेटी आढळते. मुलें शिक्षणानिमित्त वा नोकरीनिमित्त पुण्या-नागपुरास, कित्येकांचीं तर परदेशीं असतात. आजोबा-आजी मात्र गांवींच. दिवाळीस आलेला मुलगा मोठ्या हौसेनें यंत्र जोडून देतो व परत जातो. पुढें चार दिवसांनीं आजींस एखादा जुना चित्रपट पाहावासा वाटतो, नांव घातलें जातें, आणि पडद्यावर भलतेंच कांहीं उमटतें. दोन-तीनदां असें झालें, कीं घरांत दोहोंपैकीं एक निकाल दिला जातो : “आपल्या मराठीचें यावर कांहीं नाहीं,” किंवा “आम्हांस हें आतां जमावयाचें नाहीं.” हे दोन्ही निकाल बहुधा चुकीचे असतात. दोष कोठें आहे हें क्रमानें कसें ओळखावें, तें आम्ही येथें सांगणार आहों.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें, कीं यंत्र चित्रपट शोधीत नाहीं, तें नांव शोधतें. त्याच्यापाशीं नांवांची एक भली मोठी यादी असते, व आपण दिलेलीं अक्षरें तें त्या यादीशीं ताडून पाहतें. कलमांच्या नर्सरींत जाऊन नुसतें “संत्र्याचें कलम द्या” म्हटलें, तर जाणता माळी उलट विचारतो, “जंबेरीच्या खुंटावरचें कीं रंगपूर लिंबाच्या?” यंत्र असें क्वचितच विचारतें, जें आधीं हातीं लागेल तें तें पुढें करतें. म्हणून विचारणाऱ्यानेंच अधिक सांगावें. ‘श्यामची आई’ या नांवाचा आचार्य अत्रे यांचा चित्रपट 1953 सालचा, आणि त्याच नांवाचा सुजय डहाके यांचा 2023 सालचा. प्रभातचा ‘कुंकू’ 1937 सालचा, तर त्याच नांवाची एक दूरचित्रवाणी मालिका बरीच नंतरची. शिवाय प्रभातच्या त्या चित्रपटाची हिंदी आवृत्ति ‘दुनिया न माने’ या निराळ्याच नांवानें नोंदलेली. अशा वेळीं नांवापुढें साल, दिग्दर्शक किंवा नट-नटी यांपैकीं एक शब्द जोडला, तर निम्मा घोटाळा मिटतो.

दुसरी अडचण लिपीची. बहुतेक मराठी चित्रपटांचीं नांवें या याद्यांत इंग्रजी अक्षरांत नोंदलेलीं असतात, आणि मराठी उच्चार इंग्रजींत उतरविण्याचा एकच नियम कोणी पाळीत नाहीं. ‘देऊळ’ हें नांव आपण सहज डी, ई, यू, एल असें लिहूं. चित्रपटाच्या जाहिरातींत मात्र तें डी, ई, ओ, ओ, एल असें आहे. ‘श्वास’ या नांवांत ए हें अक्षर एकदां नव्हे, दोनदां येतें. म्हणून एका लेखनानें निराश न होतां ईकाराचीं, ऊकाराचीं व दीर्घ आकाराचीं दोन्ही रूपें घालून पाहावीं. किंबहुना सबंध नांव न लिहितां पहिलीं तीन-चार अक्षरेंच लिहून थांबावें. खालीं उमटणाऱ्या सूचनांत हवें तें नांव पुष्कळदां आपोआप दिसतें. देवनागरींत लिहावयाचें झाल्यास तेथेंहि एक खोंच आहे. ‘ॲ’ हें अक्षर संगणकांच्या युनिकोड नांवाच्या जागतिक लिपिसंकेतांत 2008 सालीं स्वतंत्रपणें आलें. त्यापूर्वीं तें ‘अ’ आणि वरचा चंद्र असें जोडून लिहीत, व आजहि कित्येक तसेंच लिहितात. डोळ्यांस दोन्ही एकच. यंत्राच्या लेखीं तीं निराळीं असूं शकतात.

तिसरी अडचण आवाजाची, आणि ती वऱ्हाडांत विशेष जाणवते. माइकचें बटण दाबून बोललेला शब्द यंत्र आपल्या निवडलेल्या भाषेच्या कानानें ऐकतें. भाषा इंग्रजी ठेवली असेल, तर मराठी नांवाचें तें एखादें इंग्रजी वाक्य करून टाकील. गूगलच्या आवाजी लेखनांत मराठी 2017 सालीं आली. अलेक्सा 2019 सालीं हिंदी शिकली. तेव्हां सेटिंगमध्यें भाषा कोणती आहे हें आधीं पाहावें. त्यापुढें बोलीचा प्रश्न येतो. आपल्याकडे पुष्कळ घरांत ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो, ‘काळा’ हा ‘काया’ होतो. ऐकणाऱ्या माणसास यांत कांहींच अडत नाहीं; यंत्र मात्र प्रमाण भाषेवर शिकलेलें असल्यानें अडखळतें. हें बोलीचें न्यून नव्हे, यंत्राच्या शिक्षणाचें न्यून आहे, हें घरांतील तरुणांनीं आजींस आवर्जून सांगावें. तोंवर उपाय इतकाच, कीं जेथें ‘ळ’ आहे तेथें अक्षरें टंकूनच शोध घ्यावा.

चौथी गोष्ट जागेची. मुख्य पडद्यावरील शोध सर्व ॲपांतून शोधतो असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः ज्या ॲपांनीं आपली यादी त्या यंत्राच्या स्वाधीन केली असेल, तेवढ्यांतच तो फिरतो. तेथें निराशा झाली, तर प्रत्येक ॲप उघडून त्याच्या आंतील भिंगाच्या चिन्हावर शोध घ्यावा. जुन्या चित्रपटांसाठीं यूट्यूब स्वतंत्रपणें पाहावें. शिवाय चित्रपट दाखविण्याचे हक्क ठराविक मुदतीचे असतात. गेल्या वर्षीं दिसलेला चित्रपट यंदा त्या ॲपवर नसला, तर दोष रिमोटचा नव्हे.

पांचवी गोष्ट खात्याची. नातवंडें सुटींत येऊन गेलीं असतील, तर प्रोफाइल मुलांचेंच राहिलें नाहीं ना, हें पाहावें. मुलांच्या प्रोफाइलवर मोठ्यांचे चित्रपट मुळीं दिसतच नाहींत. यूट्यूबवरील ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ चालू असल्यासहि यादी अशीच आंखडते.

एवढें करूनहि शोध चालत नसेल, किंवा नुसतें चक्र फिरत राहत असेल, तरच यंत्राकडे वळावें. बोललेला शब्द रिमोटमध्यें उमगत नाहीं; तो इंटरनेटवरून दूरच्या संगणकाकडे जाऊन अर्थ घेऊन परत येतो. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतून वाय-फायची पांच गिगाहर्ट्‌झची लहर लवकर क्षीण होते. तेथें दोन पूर्णांक चार गिगाहर्ट्‌झची निवडावी. फायर स्टिक टीव्हीच्या यूएसबी खांचेंतून वीज घेत असेल, तर ती पुरेशी मिळेलच असें नाहीं; सोबत आलेला अडॅप्टर भिंतींतील प्लगास लावावा. घड्याळ व तारीख बरोबर आहेत कीं नाहीं हेंहि पाहावें, कारण तारीख चुकली तर कित्येक ॲप जोडणीच नाकारतात. नंतर यंत्र बंद करून पुन्हां चालू करावें. फायर स्टिकच्या रिमोटवर मधलें गोल बटण व प्ले-पॉज हीं दोन्ही एकदम सुमारें पांच सेकंद दाबून धरलीं म्हणजे तें काम होतें. तरीहि गुण न आला, तर सेटिंगमधून त्या ॲपची ‘कॅश’ पुसावी. शेजारचें ‘क्लिअर डेटा’ मात्र सहसा दाबूं नये. त्यानें पुन्हां नांव व पासवर्ड घालण्याचा प्रसंग येतो, आणि पासवर्ड बहुधा पुण्यास असतो!

येणेंप्रमाणें नांव, लिपि, आवाज, जागा, खातें आणि शेवटीं यंत्र, हा क्रम सोडूं नये. पुष्कळ घरांत तो नेमका उलटा चालतो. प्रथम यंत्रावर राग, मग दुकानदारास फोन, आणि नांवाचें लेखन पाहावयाचें राहूनच जातें.

हा प्रश्न आम्हांस किरकोळ वाटत नाहीं. ज्या गृहस्थानें आयुष्यभर आपलें पुस्तक, आपलें नाटक, आपलें गाणें स्वतः निवडलें, त्यानें उतारवयांत एका चित्रपटासाठीं रविवारच्या फोनची वाट पाहावी, किंवा यंत्र आपण होऊन पुढें करील तें मुकाट्यानें पाहावें, हें त्याच्या स्वातंत्र्यावरील बंधन होय. म्हणून यंत्र भेट देणाऱ्या मुला-मुलींनीं आणखी दोन गोष्टी कराव्या. आई-वडिलांच्या फोनमध्यें त्या यंत्राचें रिमोट-ॲप घालून द्यावें, म्हणजे पडद्यावर एकेक अक्षर वेंचीत बसण्याऐवजीं नेहमींच्या कळांनीं लिहितां येईल. आणि एका वहींत त्यांच्या आवडीच्या वीस-पंचवीस चित्रपटांचीं नांवें, यादींत आहेत त्याच इंग्रजी लेखनासह, मोठ्या अक्षरांत लिहून ती वही टीव्हीजवळ ठेवावी. याला खर्च कांहींच नाहीं. एक दुपार मात्र द्यावी लागते.