प्रक्रिया केलेल्या पालकातील नायट्रेट : धोका किती व कोणाला?



पालक हिरवागार दिसावा म्हणून काढणीच्या तोंडावर युरियाचा जादा हप्ता देणारे बागाईतदार अनेक आहेत. पिकाने उचललेल्या नत्राची प्रथिने होण्यास सूर्यप्रकाश व काही दिवसांची सवड लागते. ती न मिळाल्यास नत्र नायट्रेटच्या रूपात पानांत, त्याहून जास्त देठांत, साठून राहते. हाच पालक पुढे गोठवून, लगदा करून किंवा भुकटीच्या रूपात विकला जातो.

नायट्रेट स्वतः फारसे विषारी नाही. मात्र जिवाणूंमुळे त्याचे नायट्राइट होते व नायट्राइटमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. सहा महिन्यांच्या आतील बाळांना याची बाधा लवकर होते. त्वचा, ओठ निळसर पडतात.

आता हिशेब पाहू. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीची मर्यादा दर किलो वजनामागे रोज ३.७ मि.ग्रॅ. नायट्रेट अशी आहे. म्हणजे ६० किलोच्या माणसास २२२, तर १० किलोच्या मुलास अवघे ३७ मि.ग्रॅ. समजा, पालकाच्या लगद्यात किलोस २००० मि.ग्रॅ. नायट्रेट आहे. त्याच्या ५० ग्रॅममध्ये १०० मि.ग्रॅ. आले. मोठ्या माणसास हे निम्म्याहून कमी, मुलास जवळजवळ तिप्पट! ही मर्यादा जन्मभर रोज खाण्याची धरलेली आहे, त्यामुळे एखाद्या दिवशी ती ओलांडली तर लगेच विषबाधा होते असे नव्हे. मोठ्यांनी पालेभाजी सोडण्याचे तर काहीच कारण नाही. युरोपीय संघाने गोठविलेल्या पालकास किलोस २०००, पण बाळांच्या तयार आहारास २०० मि.ग्रॅ. मर्यादा घातली, ती याच फरकामुळे.

पाला उकळत्या पाण्यातून काढल्यास बरेच नायट्रेट पाण्यात उतरते. ते पाणी लगद्यात परत घालू नये. वाळविण्यात उलट घडते. सुमारे दहा किलो पाल्याची एक किलो भुकटी होते आणि नायट्रेट त्याच प्रमाणात दाट होते. शिजविलेला लगदा उघड्यावर तासन्‌तास राहिला तर त्यात नायट्राइट वाढते. असा लगदा बाळास देऊ नये.

शेतात युरिया माती परीक्षणानुसारच द्यावा व काढणीच्या तोंडावरचा हप्ता टाळावा. ढगाळ हवेत किंवा भल्या पहाटे कापण्यापेक्षा स्वच्छ उन्हाच्या दिवशी दुपारनंतर कापावे. पाला लवकर सुकतो हे खरे, तेव्हा सावलीची सोय आधी करावी. बाळांच्या आहारासाठी माल द्यायचा असेल तर देठ काढावेत आणि कापणीपूर्वी पानांचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.