शस्त्रक्रियेनंतरची ऊनोदरी

अंगाने भरलेला शेठ म्हणजे भरभराटीची पेढी, असे समीकरण आपल्या व्यापारी घराण्यांत दीर्घकाळ रूढ होते. आज त्याच घराण्यांत मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी आणि झोपेत श्वास अडखळण्याचा विकार या चार पाहुण्यांनी कायमचा मुक्काम ठोकला आहे. सकाळी दहापासून रात्री आठपर्यंतची बैठक, गिऱ्हाईक असताना लांबलेले जेवण, सूर्यास्तापूर्वी उरकायचे म्हणून घाईघाईने पोटभर घेतलेले अन्न आणि सणासमारंभांतील तुपासाखरेचा मारा, ही त्याची उघड कारणे आहेत. त्यामुळे वजन कमी करण्याची, म्हणजेच बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया करून घेतलेली व्यक्ती आता आपल्या परिचयात सहज आढळते.

शस्त्रक्रिया कोठे केली, खर्च किती आला, किती किलो उतरले, याची चर्चा पुष्कळ होते. घरी परतल्यावर ताटात काय वाढायचे, चौविहार कसा सांभाळायचा, पर्युषणात काय करायचे, हे प्रश्न मात्र कुटुंबाला स्वतःच सोडवावे लागतात. त्या प्रश्नांचा विचार येथे केला आहे.

शरीरात नेमके काय बदलते

आपल्याकडे प्रामुख्याने दोन पद्धती प्रचलित आहेत. 'स्लीव्ह' पद्धतीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात व केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. 'बायपास' पद्धतीत जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. या दुसऱ्या पद्धतीचा प्रारंभ अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये केला. दोन्ही पद्धतींत भूक चेतवणाऱ्या संप्रेरकांचे गणित बदलते. म्हणून आरंभीचे काही महिने भूक जवळजवळ लागतच नाही. बायपासमध्ये लोह, कॅल्शियम व ब-१२ जीवनसत्त्व यांचे शोषणही घटते. स्लीव्हमध्ये काढलेला भाग परत बसवता येत नाही. शस्त्रक्रिया एका दिवसाची असली, तरी तिचे नियम जन्मभराचे असतात.

पहिले दोन महिने

पहिले एक-दोन दिवस केवळ पाण्यासारखे नितळ द्रव, पुढे साधारण दोन आठवड्यांपर्यंत दूध, ताक, मुगाच्या डाळीचे गाळलेले पाणी असे पातळ पदार्थ, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटलेले अन्न, पाचव्या-सहाव्या आठवड्यात मऊ खिचडी, मऊ पनीर, शिजवून कुस्करलेला दुधी किंवा दोडका, आणि त्यानंतर हळूहळू नेहमीचा आहार, असा सर्वसाधारण क्रम असतो. प्रत्येक रुग्णालयाचे वेळापत्रक थोडे निराळे असते. आपल्या शल्यचिकित्सकांनी दिलेलेच प्रमाण मानावे.

या काळात घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा जीव सर्वाधिक तुटतो. तरणाताठा मुलगा तीन चमचे पेज घेऊन ताट सारतो, हे आईला पाहवत नाही. 'एवढा एक घास घे' हा तिचा आग्रह मायेचाच असतो. परंतु लहान झालेल्या जठरात तो एक घास म्हणजे उलटी, आणि वारंवारच्या उलट्या म्हणजे टाक्यांवर ताण. शिवाय उलट्या दिवसेंदिवस चालू राहिल्यास ब-१ जीवनसत्त्व झपाट्याने घटते व मेंदू आणि मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते. उलट्या थांबत नसतील, पाणीही पोटात ठरत नसेल, ताप येत असेल, नाडी जलद चालत असेल किंवा पोटात तीव्र वेदना होत असतील, तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मधुमेहाची व रक्तदाबाची जुनी औषधे जुन्याच मात्रेत चालू ठेवणे हाही मोठा धोका आहे. साखर अनेकदा पहिल्या काही दिवसांतच उतरू लागते, म्हणून औषधांची मात्रा डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावी. अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या विशेषतः बायपासनंतर जठरात व्रण निर्माण करू शकतात.

प्रथिनांचा ताळेबंद

शस्त्रक्रियेनंतर दररोज सामान्यतः ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जावी लागतात. ती कमी पडल्यास चरबीबरोबर स्नायूही झिजतात. शाकाहारी आणि त्यातही कंदमूळ वर्ज्य करणाऱ्या कुटुंबाला हे अशक्य वाटते. वास्तविक कंदमुळांत प्रथिने नगण्यच असतात. त्यांच्या त्यागाने या हिशेबात काहीच तूट येत नाही. १०० ग्रॅम पनीरमधून सुमारे १८ ग्रॅम, ४०० मिलिलिटर दुधातून १३, ६० ग्रॅम मुगाच्या डाळीतून १४, दीडशे ग्रॅम दह्यातून ५ आणि ३० ग्रॅम सायविरहित दूध पावडरीतून १० ग्रॅम, अशी बेरीज ६० होते. नेहमीच्या आहारावर आल्यानंतर हे सारे दिवसभरातील पाच-सहा लहान जेवणांत विभागता येते. जेवताना आधी पनीर किंवा डाळ, मग भाजी आणि शेवटी जागा उरली तर पोळी-भात, असा क्रम ठेवावा.

द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी कच्चे दही-ताक आणि डाळ एकत्र घेऊ नये, हे ओघाने आलेच. दही-ताक आधी नीट तापवून केलेली कढी किंवा दोन पदार्थांच्या स्वतंत्र वेळा, हे आपल्या स्वयंपाकघरांना ठाऊक असलेले मार्ग येथेही उपयोगी पडतात. मोड आलेली कडधान्ये वर्ज्य असतील, तर भिजवून शिजवलेली डाळ घ्यावी.

चौविहार आणि पाण्याचे गणित

दिवसाला किमान दीड लिटर पाणी हवे. परंतु जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी घ्यावयाचे नाही, असा दंडक असतो. हिवाळ्यात सूर्योदय ते सूर्यास्त हा अवधी सुमारे अकरा तासांचा. नवकारशीची ४८ मिनिटे वजा जाता दहा तास उरतात. पाच जेवणांचे प्रत्येकी अर्धा तास व नंतरचा अर्धा तास असे पाच तास गेले. शिल्लक पाच तासांत दीड लिटर, म्हणजे दर दहा मिनिटांना ५० मिलिलिटर पाणी प्यावे लागेल. एका दमात पेलाभर पाणी त्या जठरात मावत नाही. म्हणून गल्ल्याशेजारी उकळून गार केलेल्या पाण्याची लहान बाटली व छोटी वाटी ठेवून घोट-घोट घेण्याची सवय लावून घ्यावी लागते.

पहिल्या काही महिन्यांत हे गणित जमेलच असे नाही. लघवी गडद होणे, उभे राहताना चक्कर येणे, ही पाणी कमी पडल्याची लक्षणे होत. अशा वेळी काही काळ तिविहार स्वीकारून रात्री पाण्याची मोकळीक ठेवणे, हा मार्ग गुरुभगवंतांना विचारून घेता येतो. पच्चक्खाणाच्या सूत्रांतच आगार ठेवलेले आहेत, आणि समाधी टिकविण्यासाठी औषधोपचाराची सोय त्यांत आहे.

गोळ्यांच्या डबीतील प्रश्न

बहुजीवनसत्त्वे, ब-१२, लोह, ड जीवनसत्त्व आणि दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, ही पूरके बहुधा आयुष्यभर चालतात. कॅल्शियम एकाच वेळी न घेता दोन-तीन मात्रांत विभागावे. लोह आणि कॅल्शियम यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. रात्री काहीच न घेणाऱ्यांनी या सर्व वेळा दिवसातच बसवून देण्यास आहारतज्ज्ञांना सांगावे.

येथे आपल्यासाठी आणखी एक प्रश्न उभा राहतो. अनेक कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले असते. ड-३ जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेणापासून तयार होते. दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतीपासून केलेलाही प्रकार मिळतो. दुधापासूनच्या प्रथिन पावडरीत कोणते विरजण वापरले, हेही विचारावे लागते. शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना आपले नियम सांगितल्यास चघळण्याच्या गोळ्या, वनस्पतिजन्य आवरणाच्या कॅप्सूल किंवा इंजेक्शन असे पर्याय निघतात. मनात शंका ठेवून गोळ्या गुपचूप बंद करणे मात्र घातक. ब-१२ ची उणीव शाकाहारींत मुळातच अधिक आढळते आणि हातापायांना मुंग्या येईपर्यंत ती लक्षातही येत नाही.

अठ्ठाई न करता आलेले पर्युषण

आमच्या नात्यातील एक गृहस्थ कापडाचे घाऊक व्यापारी आहेत. वय ४६, वजन १३१ किलो आणि दहा वर्षांचा मधुमेह, अशा स्थितीत त्यांनी स्लीव्ह शस्त्रक्रिया करून घेतली. आठव्या महिन्यात पर्युषण आले. त्यापूर्वी सलग अकरा वर्षे त्यांनी अठ्ठाई केली होती. डॉक्टरांनी उपवासास स्पष्ट नकार दिला. आवडते पदार्थ सुटले, याचे त्यांना फारसे दुःख झाले नव्हते. पण 'शरीर हलके झाले आणि तप हातचे गेले' हे त्यांचे उद्गार घरातील सर्वांना लागले.

ते महाराजसाहेबांकडे गेले. महाराजसाहेबांनी सर्व ऐकून घेतले आणि त्यांना बाह्य तपाचे सहा प्रकार मोजून दाखविले. अनशन हा त्यांतील एक. दुसरा ऊनोदरी, ज्याला दिगंबर परंपरेत अवमौदर्य म्हणतात. मग वृत्तिसंक्षेप, रसत्याग, कायक्लेश आणि संलीनता. त्या वर्षी या गृहस्थांनी दिवसाला मोजक्या द्रव्यांची मर्यादा, मिष्टान्नाचा पूर्ण त्याग, रोज दोन सामायिक व प्रतिक्रमण, असा संकल्प केला आणि आठही दिवस पाळला. गोळ्या व पाणी चुकले नाही.

महाराजसाहेबांनी आणखी एक गोष्ट बजावली. जठर लहान झाल्यामुळे कमी खाणे ही ऊनोदरी नव्हे. ती शरीराची मर्यादा होय. मावत असूनही हात आवरणे ही ऊनोदरी. वर्ष-दीड वर्षानंतर भूक पुन्हा जागी होते, थोडे अधिक मावू लागते आणि अनेकांचे उतरलेले वजन काही अंशी परत चढते. तपाची खरी वेळ त्या टप्प्यावर येते.

पुढे प्रकृती स्थिरावल्यावर एखादा उपवास किंवा एकासणे करता येईल का, हे रक्ततपासणी पाहून डॉक्टर सांगू शकतात. आयंबिलात दूध, दही, तूप असे सर्व विगय वर्ज्य असल्याने नऊ दिवसांच्या ओळीत प्रथिनांची बाजू लंगडी पडते, हेही ध्यानात घ्यावे. बायपास झालेल्यांनी पारण्याच्या वेळी विशेष सावध राहावे. उसाचा रस किंवा गोड पेय एकदम घेतल्यास साखर वेगाने आतड्यात उतरते आणि धडधड, घाम, पोटात मुरडा, चक्कर असा त्रास होतो. वैद्यक त्याला 'डम्पिंग' म्हणते.

बाजारातील कुजबुज

याच गृहस्थांच्या घरी शस्त्रक्रियेची गोष्ट गुप्त ठेवण्याचे ठरले होते. चौथ्या महिन्यात गाल बसले, केस गळू लागले, सदरे ढगळ झाले. या काळातील केसगळती बहुधा तात्पुरती असते व पोषण नीट राहिल्यास काही महिन्यांत थांबते. पेठेने मात्र निराळाच निष्कर्ष काढला. शेठना दुर्धर रोग जडला आहे, अशी वार्ता पसरली आणि वर्षानुवर्षे साठ दिवसांची उधारी देणाऱ्या एका पुरवठादाराने रोख रकमेची मागणी केली.

पतपुरवठ्याच्या क्षेत्रात आयुष्य गेल्यामुळे मला याचे नवल वाटले नाही. मालकाची प्रकृती हेही एक अलिखित तारण असते. अखेर त्यांनी त्या पुरवठादाराला दुकानी बोलावून सारे सांगितले आणि साखरेचे ताजे अहवाल पुढे ठेवले. उधारी पूर्ववत झाली. मुलामुलींच्या विवाहाच्या बोलणीतही अशी लपवाछपवी पुढे महाग पडते. विशेषतः तरुण स्त्रीची शस्त्रक्रिया झाली असेल, तर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावयाची असते, हे सासरी ठाऊक असणे तिच्या हिताचे आहे.

खर्चाची तरतूद

विमा नियामकाच्या प्रमाणित शब्दरचनेनुसार, डॉक्टरांचा सल्ला असेल, रुग्ण १८ वर्षांवरील असेल, आणि बीएमआय ४० किंवा अधिक, अथवा गंभीर सहव्याधींसह ३५ किंवा अधिक असेल व इतर उपाय निष्फळ ठरले असतील, तर ही शस्त्रक्रिया अपवादाच्या यादीतून वगळली जाते. तरी पॉलिसीतील प्रतीक्षाकाल तपासून पाहावा. जन्मभराची पूरके, तिसऱ्या, सहाव्या व बाराव्या महिन्यातील आणि नंतर दरवर्षीच्या रक्ततपासण्या, यांची तरतूद मात्र घरखर्चातच धरावी. पुढे नवी पॉलिसी घेताना शस्त्रक्रियेचा उल्लेख टाळू नये; दावा नाकारला जाण्यास तेवढे कारण पुरेसे होते.

यजमानांना विनंती

आपल्या पंगतींत आग्रह हा आदराचा भाग मानला जातो. स्वामीवात्सल्यात किंवा लग्नघरात कोणी अर्धी वाटी डाळ आणि दोन तुकडे पनीर घेऊन उठत असेल, तर त्याला हाताला धरून पुन्हा बसवू नये, आणि 'आता काय, ऑपरेशन केलेय, खा बिनधास्त' अशी थट्टाही करू नये. त्याचे पान लहान वाढावे, गोड वाढण्यापूर्वी विचारावे आणि जेवण सूर्यास्ताच्या बरेच आधी सुरू करावे. त्याला एका घासासाठी पुष्कळ वेळ चावावे लागते.

आमच्या त्या नातेवाइकांचे वजन आता ९२ किलो आहे. इन्सुलिन बंद झाले आहे. पोटावरची सैल त्वचा तशीच आहे आणि तिची त्यांना फारशी खंत नाही. दर रविवारी सकाळी ते वजन करतात व आकडा एका जुन्या खातेवहीत लिहितात. गेल्या दिवाळीनंतर त्यात दोन किलोंची वाढ दिसली, तेव्हा त्यांनी फराळाचे उरलेले डबे दुकानातील माणसांना वाटून टाकले आणि सायंकाळी पेढीवरून घरी पायी जाण्यास पुन्हा प्रारंभ केला.